कोरडा फ्लॅश

महादेवीकाकूंच्या हातून आयुष्यात एकही रोल खराब झाला नाही. तरीही नवी पेठेतल्या जुन्या गिऱ्हाइकांपासून बार्शी-अक्कलकोटच्या पाहुण्यांपर्यंत त्यांची ओळख एकच आहे : रोल घालवणारी बाई. एखाद्या लग्नात कुणी ओळख करून दिली की समोरची बाई जरा थबकते, आठवते आणि म्हणते, "हां, शिवयोगी फोटोवाल्यांची मंडळी का तुम्ही? आमच्या चुलतनणंदेच्या लग्नातला रोल तुमच्याच हातनं गेला होता बघा." काकू हसतात. दुसरं काय करायचं हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

या बदनामीचं सगळं श्रेय शिवयोगी आण्णांचं.

आण्णांचा स्टुडिओ चालत होता त्या काळी लग्नाची ऑर्डर रोलवर ठरायची. "चार रोल. वर एक नको," असं ऑर्डर देणारा बजावून सांगायचा. एका रोलमध्ये छत्तीस फोटो. मांडवात माणसं आठशे, आणि त्यातल्या प्रत्येकाला नवरा-नवरीशेजारी उभं राहायचंच असतं. नाही म्हटलं तर रुसवे. यावर तोडगा असा : ऑर्डर देणाऱ्याकडचं कुणीतरी, बहुतेक वेळा मुलाचा बाप नाहीतर मामा, आण्णांच्या पाठीशी उभं राहायचं. खांद्यावर हात पडला तर फोटो खरा. नुसतं खोकलं तर कोरडा. फ्लॅशच्या पाठीमागे एक बारीक बटण असतं, ते दाबलं की लख्ख उजेड पडतो आणि कॅमेरा आपला गप्प बसून राहतो. उजेड पडला म्हणजे फोटो निघाला, अशी लोकांची समजूत. डोळे मिचकावत, खूश होऊन मंडळी स्टेजवरून उतरायची आणि जेवायला जायची.

महिन्याभराने ती स्टुडिओत यायची. "आमचा तेवढा दाखवा की, एक कॉपी पाहिजे."

आण्णा आल्बम चाळल्यासारखं करायचे, मान हलवायचे आणि आवाज खाली आणून म्हणायचे, "काय सांगू तुम्हाला. रोल काढताना आमच्या हिनं कॅमेऱ्याचं दार आधीच उघडलं. उजेड लागला. नेमका तुमचाच फोटो गेला." हे ते इतक्या कष्टी चेहऱ्याने सांगत, की गिऱ्हाईकच त्यांची समजूत घालायचं. "जाऊ द्या आण्णा, बायकांना काय कळतंय त्यातलं. चहा मागवू का?"

रोल भरायचं आणि काढायचं काम काकूंचंच होतं, एवढं मात्र खरं. दोन कॅमेरे असत. एक आण्णांच्या गळ्यात, दुसरा स्टेजखाली बसलेल्या काकूंच्या मांडीवर. रोल संपला की काकू तो उलटा गुंडाळायच्या, पट्टी आत सुटल्याचा बारीक आवाज कान लावून ऐकायच्या आणि मगच मागचं दार उघडायच्या. त्या गलक्यात, बँडच्या आवाजात त्यांना तो आवाज कसा ऐकू यायचा, हे आण्णांनी कधी विचारलं नाही. मदतनीस ठेवला असता तर त्याला पगार द्यावा लागला असता. बायकोला लग्नातलं जेवण पुरत होतं.

आपलं नाव असं वापरात आहे हे काकूंना कळलं तेव्हा त्या स्टुडिओच्या पडद्यामागे चहा गाळत होत्या. घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "माझं नाव का घेतलंत?"

"मग काय माझं घेऊ?" आण्णांना खरोखर आश्चर्य वाटलं. "माझं नाव पाटीवर आहे."

 पाटी काकूंनीही वाचलेली होती.

पुढे पाटीही उतरली. आधी डिजिटल आलं, मग मोबाईल आला. मुलगा अमरेश आणि सून नोकरीवाले, त्यांच्यासोबत दोघं 'जुळे सोलापूर' भागातल्या फ्लॅटमध्ये राहायला आली. नऊ कॅमेरे लोखंडी कपाटात गेले आणि दहा वर्षं त्यांना कुणी विचारलं नाही. मग अचानक पोरं यायला लागली. फाटक्या गुडघ्याच्या पँटी, हातात लाखभराचा मोबाईल, आणि म्हणायचं काय, तर रोलवर फोटो काढायला शिकायचंय. त्यातल्या एकाने आण्णांचा व्हिडिओ काढून टाकला. तेव्हापासून रविवारी सकाळी आण्णा इस्त्रीचा शर्ट घालून हॉलमध्ये बसतात. टीपॉयवर पंचा अंथरतात, त्यावर कॅमेरे मांडतात आणि नवशिक्याने कोणता घ्यावा हे सांगतात. सांगण्याची सुरुवात नेहमी एकच असते.

"रोलमध्ये छत्तीस फोटो. त्यामुळं एकेक फोटो जबाबदारीनं काढायचा. समोरच्या माणसाचा मान राखायचा. कॅमेरा कधी खोटं बोलत नाही, लक्षात ठेवा."

आत भाकरी थापण्याचा आवाज या ठिकाणी थोडा वाढतो.

गेल्या श्रावणातल्या एका रविवारी संस्कृती आली. कॉलेजच्या शेवटच्या वर्षातली, दोन चौक पलीकडे राहणारी. स्कूटी खाली लावून, हेल्मेट हातात घेऊन वर आली, आणि आण्णांचं भाषण तिने मोबाईलवर पूर्ण घेतलं.

"घरी सांगितलंयस ना पोरी? नाहीतर नंतर भांडणं नकोत," आण्णा म्हणाले.

"सांगितलं ना. आमचे आबासाहेब म्हणाले, भंगारवाल्याकडं जा, किलोवर मिळतील."

"आबासाहेब कोण?"

"आजोबा. बाबांचे बाबा. त्यांना प्रत्येक गोष्टीत काटकसर लागते."

तिचा हात टीपॉयवरच्या सगळ्यात वजनदार कॅमेऱ्याकडे गेला. चामडी कव्हर, चकचकीत कडा. आण्णांचा चेहरा उजळला.

"पारख आहे तुला. ह्याच्यावर मी आमदारांच्या घरची लग्नं काढलीत. हाच घे."

"त्याचं मीटर मेलंय," आतून काकूंचा आवाज आला. "सेलचं घर हिरवं पडलंय."

"अनुभव असला की मीटर लागत नाही," आण्णा आतल्या दिशेने म्हणाले.

"तिला कुठला अनुभव? ती आत्ता आलीय की."

काकू बाहेर आल्या. हात पिठाचे, त्यामुळे त्यांनी कशालाही स्पर्श केला नाही. हनुवटीने दाखवत उभ्या राहिल्या. "तो दुसरा घे. मागचं दार उघड. कडेची काळी पट्टी बोटाला चिकटतीय?"

"हो. ई, डांबरासारखी."

"म्हणजे ती गेली. उजेड आत शिरणार. ठेव. तो शेजारचा घे, खिडकीकडं धर आणि लेन्समधनं बघ. कोळिष्टकासारखं दिसतंय काही?"

"कोपऱ्यात आहे थोडं."

"बुरशी. ती वाढत जाते. ठेव."

"सगळेच ठेव म्हणतीय ही," आण्णा म्हणाले. "दुकान असतं तर महिन्यात बंद पाडलं असतं."

"ते तुम्ही माझ्याशिवाय पाडलंत. हां, आता तो कडेचा. पोचा आलेला."

कडेचा कॅमेरा काळा, साधा, पट्टा प्लास्टिकचा. संस्कृतीने तो मुलगी बघायला आलेल्या माणसाने उपमा खावा तसा उचलला.

"वरची चकती एक सेकंदावर लाव. आता दाब, आणि कान दे. नुसतं बघू नकोस, ऐक."

खट् झालं, आत काहीतरी दमाने सरकलं, पुन्हा खट् झालं.

"आता साठावर. आता पाचशेवर. प्रत्येक आवाज वेगळा आला का? आला म्हणजे शटर जिवंत आहे. सेल संपला तरी हा चालतो. एकदा स्टेजवरनं खाली पडलाय, पोच्यापलीकडं काही झालं नाही. हा घे."

"पण काकू, हा अगदीच... साधा दिसतो."

"फोटो तू काढणार आहेस की कॅमेऱ्यासोबत काढून घेणार आहेस?"

संस्कृती हसली. तिने कॅमेरा डोळ्याला लावला, खिडकी, पंखा, आण्णा असं सगळं पाहून घेतलं, आणि कॅमेरा खाली ठेवला नाही. काकूंना तेवढं पुरलं. त्यांनी मोरीत हात धुतले, पदराला पुसले आणि कपाटातून सरावाचा जुना रोल काढला. "आण इकडं. भरायचा कसा ते दाखवते."

संस्कृतीने कॅमेरा नकळत छातीशी धरला.

"काकू, सॉरी हां. राग मानू नका. रोल आण्णाच शिकवतील ना? म्हणजे आज्जीनं सांगितलंय. बार्शीची आज्जी, आईची आई. माझ्या आईच्या लग्नात म्हणे तुमच्या हातनं... कॅमेरा तिथनं घे, पण त्या बाईला रोलला हात लावू देऊ नको म्हणाली."

आण्णांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

काकूंनी विचारलं, "कुठल्या साली झालं लग्न?"

"दोन हजार एक. मे महिना."

काकू आत गेल्या. पलंगाखालून बूट ठेवायचे खोके ओढल्याचा आवाज झाला. त्या एक सुटी निगेटिव्ह आणि एक पिवळं पडलेलं पाकीट घेऊन बाहेर येताना दिसताच आण्णा कन्नडमध्ये हळूच म्हणाले, "ब्याड, महादेवी." नको म्हणून सांगण्याची ही त्यांची घरातली भाषा.

"याक ब्याड?" काकूंनी विचारलं. का नको, एवढंच. काकू संस्कृतीशेजारी बसल्या.

"जुना कॅमेरा घेणाराला निगेटिव्ह बघता आली पाहिजे. त्यावरनंच कळतं कॅमेरा कसा आहे आणि माणूस कसा आहे. ही पट्टी बघ. दार आधी उघडलं की असं होतं."

पट्टीचा शेवटचा भाग डांबरासारखा काळा होता. ना चेहरे, ना कडेचे आकडे.

"ही तुम्ही...?"

"ही आण्णांनी. त्र्याऐंशी साली, कुंभारीच्या एका बारशात. घरात खराब झालेला रोल एवढा एकच. ठेवलाय जपून."

मग त्यांनी पाकिटातल्या पट्ट्या काढल्या, कडेला धरून, बोटाचा ठसा न उमटू देता. "हे तुझ्या आईचं लग्न. खिडकीकडं धर. कडेला आकडे आहेत ते मोज."

संस्कृतीने मोजले. एक ते छत्तीस. दुसरा रोल, एक ते छत्तीस. तिसरा, चौथा. आई उलट्या रंगात, पांढऱ्या केसांची आणि काळ्या दातांची, प्रत्येक चौकटीत उभी होती. कुठे काळं नाही, कुठे आकडा गाळलेला नाही.

"सगळे आहेत. मग आज्जीचा फोटो?"

"नाही."

"खराब झाला नाही, आणि नाही?"

काकूंनी आण्णांकडे पाहिलं. आण्णांनी चष्मा घातला, काढला, आणि सांगायला लागले. आधी अडखळत, पण नंतर धंद्याची गोष्ट म्हटल्यावर त्यांना रंग चढला. ते फ्लॅशचं बटण, तो खांद्यावरचा हात, तो खोकला, आठशे माणसं आणि चार रोल. कोरडा फ्लॅश कळू न देणं ही सुद्धा एक कला आहे, इथपर्यंत ते येऊन पोचले.

संस्कृती आधी हसली. "फेक फ्लॅश! कमाल आहे आण्णा." मग तिचं हसू थांबलं. "आणि नाव काकूंचं?"

"धंद्यात असं चालतं, पोरी."

"चोवीस वर्षं? आज्जी अजून शिव्या देते हो काकूंना. सणावाराला, पाहुण्यांसमोर! थांबा, आत्ताच्या आत्ता सांगते तिला." तिने मोबाईल काढला. न्याय इतका सोपा आणि इतक्या जवळ असतो, असं वाटण्याच्या वयाची होती ती.

काकूंनी तिला थांबवलं नाही. थांबवायला पाहिजे, असं त्यांना वाटलंही नाही. तव्यावरची भाकरी करपत होती, त्यांनी उठून फक्त गॅस बंद केला आणि परत येऊन खुर्चीवर नीट, पाठ ताठ करून बसल्या. इतक्या वर्षांत आपली बाजू कुणी मांडेल अशी त्यांना आशा नव्हती. मांडली जाणारच असेल, तर ती ऐकायला बसण्याची त्यांची तयारी होती.

फोन स्पीकरवर लागला. आज्जी बजाबाई बार्शीहून बोलल्या, म्हणजे फोन नसता तरी ऐकू आल्या असत्या.

"आज्जी, मी फोटोवाल्या आण्णांकडं आलेय. ते तुला काहीतरी सांगणार आहेत. ऐक." आणि तिने मोबाईल आण्णांपुढे धरला.

आण्णांनी बायकोकडे पाहिलं. तिकडून कुठलीच मदत आली नाही.

"नमस्कार बजाबाई. ते तुमचा फोटो... त्यात महादेवीची काही चूक नव्हती. मी फोटो काढलाच नव्हता. नुसता उजेड पाडला होता."

 मग बजाबाईंचा आवाज एकदम ओलसर झाला. "आण्णा, तुमी देवमानूस हाय. बायकूची चूक आपल्या अंगावर घेताय. असा नवरा मिळाय नशीब लागतंय."

"अहो नाही, खरंच..."

"ऱ्हाऊ द्या. मला कळतंय."

आण्णांनी मान खाली घातली, पण त्यांच्या चेहऱ्यावर आलेलं समाधान त्यांना वेळेवर आवरता आलं नाही. काकूंनी ते पाहिलं. संस्कृतीनेही पाहिलं, आणि ती चिडून फोनवर ओरडली, "आज्जी, देवमाणूस वगैरे काही नाही! मी निगेटिव्ह बघितल्यात. सगळ्या चांगल्या आहेत, एक ते छत्तीस. तुझा फोटो काढलाच नाही. मागं माणूस उभा असायचा, तो खोकला की हे नुसता फ्लॅश मारायचे!"

 पलीकडे कुठेतरी कोंबडं ओरडलं.

"मागं मानूस," बजाबाई हळू म्हणाल्या. आवाज असा खाली आला की संस्कृतीला मोबाईल कानाशी न्यावासा वाटला. "कंचा मानूस?"

संस्कृतीने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिची नजर मांडीवरच्या पाकिटावर गेली. त्यावर आण्णांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं : आबासाहेब. चार रोल. वर नको.

तिने त्यावर तळहात ठेवला. तिच्या घरी, दोन चौक पलीकडे, आबासाहेब या वेळी गॅलरीत पेपर वाचत बसलेले असतात आणि तिची आई त्यांना दुसरा चहा नेऊन देत असते.

"मुलाकडचा मानूस हुता की व्हय?" बजाबाईंनी विचारलं. "आण्णा, खरं सांगा. रोल गेला तर ते नशीब. म्या चोवीस वरसं नशीबच म्हनलंय. पन माजी लेक त्यांच्या घरात दिलेली हाय. तिच्या आईबापावर एक फोटो नगं म्हनून कुनी सांगितलं आसंल, तर मला त्ये कळाय पायजे."

आण्णांनी ओठ हलवले. आता ते खरं बोलण्याच्या लयीत आलेले होते, आणि खरं बोलणाऱ्याचं कौतुक होतं असं त्यांना नुकतंच कळलं होतं.

काकूंनी हात पुढे करून फोन घेतला.

"बजाबाई, मी महादेवी बोलतीय. रोल माझ्याच हातनं गेला. दार मी उघडलं."

संस्कृतीने काकूंची बाही ओढली. आजवर हे वाक्य आण्णा म्हणत आले होते आणि काकू फक्त ऐकत आल्या होत्या. त्यांच्या स्वतःच्या तोंडून ते पहिल्यांदाच निघालं, आणि निघालं तेही अगदी सफाईदार.

"मग त्या पट्ट्या चांगल्या हायत म्हनतीय ती पोरगी?"

"त्या बाकीच्या चार रोलच्या. तुमचा फोटो पाचव्या रोलवर होता. तो पुरा गेला. आबासाहेबांनी वर एक रोल द्यायला लावला होता, खास मुलीकडच्या लोकांसाठी. म्हणून तर आण्णांना माझा जास्त राग आला."

पलीकडून सुटकेचा लांब श्वास आला, आणि त्याच्या मागोमाग शिव्या आल्या. "म्या म्हनलं न्हवतं? तुज्या हाताला काय झालं हुतं गं बाई? दार उघडायच्या आदी बगाय येत न्हाय व्हय? माजं मानूस त्येच्या म्होरल्या साली गेलं. दोघांचा एक फोटो न्हाय घरात. रेशनकार्डावरला काढून भित्तीला लावलाय, त्यात त्यांचं त्वांड फुगल्यालं दिसतंय."

"व्हय. चुकलं."

"चुकलं म्हनं! फेटा बांदून घेतला हुता त्यांनी, शेजारच्या आळीतनं मानूस बोलवून."

"चुकलं बाई."

संस्कृती पाकिटावरची अक्षरं तळहाताने झाकून बसली होती. आण्णांनी पट्ट्या उचलल्या आणि एक ते छत्तीस अशा क्रमाने लावायला घेतल्या. त्यांना आता कुणीच काही विचारत नव्हतं.

बजाबाईंचं साचलेलं बाहेर येत राहिलं. मग हळूहळू आवाजातली धार गेली. शेवटी त्या म्हणाल्या, "तू तितंच हुतीस न्हवं तवा? त्या स्टेजखाली पिशवी घिऊन बसल्याली?"

"तिथंच होते."

"मग तुला दिसलो आसू आमी."

"दिसलात की."

"कसं दिसत हुतो गं?"

महादेवीकाकूंनी अशी दीड हजार लग्नं पाहिली होती, आणि त्या दिवशी त्यांचं लक्ष मांडीवरच्या कॅमेऱ्याकडे होतं. त्यांना बजाबाई आठवत नव्हत्या, फेटा आठवत नव्हता, तो मांडवसुद्धा आठवत नव्हता. त्यांनी फोन या हातातून त्या हातात घेतला.

"फेटा जरासा डावीकडं झुकला होता," त्या म्हणाल्या. "तुम्ही हात वर करून नीट केलात, आणि ते तुमच्याकडं बघून हसले. बघा, तेवढ्यातच फ्लॅश पडला."